वळणाचा शब्द : ‘डायव्हर्जन’ची वाटचाल

रस्त्याचे काम निघाले की कंत्राटदार पत्र्याची एक पाटी उभी करतो. तिच्यावर एक बाण असतो आणि खाली ‘डायव्हर्जन’ हा शब्द. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून नित्य ये-जा करणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नेहमीची वाट बंद आहे, वळसा घालून पुढे जा, एवढाच त्याचा निरोप. परंतु हाच शब्द एखाद्या चांगल्या इंग्रजी कोशात काढून पाहिला, तर वाचक थोडा बुचकळ्यात पडतो. तेथे करमणूक आणि खेळ हा एक अर्थ दिलेला असतो. शत्रूचे लक्ष दुसरीकडे वेधण्यासाठी केलेली चढाई हा दुसरा. नदीचे पाणी मूळ पात्रातून काढून अन्यत्र नेणे हा तिसरा. एका कामासाठी राखून ठेवलेला पैसा भलत्याच कामाला लावणे हाही त्याचाच अर्थ. खेळ, युद्ध, पाणी आणि पैसा यांना एकाच छपराखाली नांदवणारा हा शब्द कोठून आला आणि वाटेत त्याने काय काय पाहिले, याचा मागोवा घेण्यासारखा आहे.

शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘व्हर्तेरे’ म्हणजे वळणे किंवा वळवणे, आणि त्याच्यामागे ‘बाजूला’ असा अर्थ देणारा उपसर्ग लागला की ‘दिव्हर्तेरे’, म्हणजे वाट सोडून बाजूला वळणे. भाषाशास्त्रज्ञ ‘व्हर्तेरे’ आणि संस्कृतातील ‘वृत्’ हा धातू एकाच मुळातून फुटलेले मानतात. म्हणजे आपले आवर्तन, वर्तुळ, निवृत्ती हे शब्द या इंग्रजी शब्दाचे दूरचे आप्त ठरतात. ‘परिवर्तन’ही त्यातलेच. लॅटिन ‘कोन्व्हर्सियो’ आणि ‘दिव्हर्सियो’ हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत, फक्त एक ईश्वराकडे तोंड फिरवतो आणि दुसरा कोठे तोंड फिरवील ते सांगता येत नाही. मनपरिवर्तन हा शब्द आपण प्रायश्चित्तकाळात दर आठवड्याला ऐकतो, त्याचे नाते रस्त्यावरच्या पत्र्याच्या पाटीशी आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

या कुळातील आणखी दोन शब्द येथे सांगितलेच पाहिजेत. पतिपत्नीच्या वाटा फुटणे यासाठी रोमन कायद्यात जो ‘दिव्होर्तियुम’ हा शब्द होता, तो याच क्रियापदापासून झाला आणि त्याचाच इंग्रजीत ‘डायव्होर्स’ बनला. दुसरा शब्द अधिक जिव्हाळ्याचा आहे. वाटसरू रस्ता सोडून रात्रीपुरता जेथे वळतो ती उतरण्याची जागा, धर्मशाळा, हिला लॅटिनमध्ये ‘देव्हर्सोरियुम’ म्हणत, आणि पुष्कळ हस्तलिखितांत ते ‘दिव्हर्सोरियुम’ असेही लिहिलेले आढळते. संत जेरोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस शुभवर्तमानांचा लॅटिन पाठ सिद्ध केला, तेव्हा संत लूकच्या दुसऱ्या अध्यायात मरिया आणि योसेफ यांना जागा न मिळालेल्या उताऱ्याच्या ठिकाणासाठी हाच शब्द राहिला. बेथलेहेमात पवित्र कुटुंबाला जे नाकारले गेले ते शब्दशः ‘वळून थांबण्याचे ठिकाण’ होते.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमार्गे पंधराव्या शतकात आला, तेव्हा त्यात करमणुकीचा लवलेशही नव्हता. वळवणे, दुसऱ्या दिशेला नेणे, इतकाच त्याचा आशय होता. त्या काळच्या वैद्यांची अशी समजूत होती की शरीरातील दूषित रस एखाद्या नाजूक अवयवावर उतरू लागला, तर तो तेथून हटवून कमी धोक्याच्या जागी न्यावा. रोग बरा होत नाही, फक्त त्याची जागा बदलते. या वैद्यकी कल्पनेचा मनाच्या दुखण्याशी कोणी संबंध जोडला असेल, तर तो मिशेल द मोंतेन या फ्रेंच लेखकाने.

मोंतेन हा कॅथलिक गृहस्थ, काही काळ बोर्दो शहराचा महापौर. त्याच्या निबंधसंग्रहाचा तिसरा भाग १५८८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातील चौथा निबंध ‘दिव्हर्सियों’ याच विषयावर आहे. शोकाने खरोखरच व्याकूळ झालेल्या एका स्त्रीचे सांत्वन करण्याचे काम त्याच्याकडे आले होते. दुःखाचा डोंगर एवढा मोठा नाही, सगळ्यांनाच हे भोगावे लागते, असे तत्त्वज्ञान सांगण्याच्या भरीस तो पडला नाही. त्याने बोलणे हळूच जवळच्या विषयाकडे वळवले, तेथून थोडे दूरच्या, मग आणखी दूरच्या, आणि तिच्या नकळत तिला त्या एका विचारापासून बाजूला नेले. तो समोर असेपर्यंत ती शांत राहिली. पण त्याच्यानंतर जे सांत्वनाला आले त्यांना तिच्यात काहीही सुधारणा दिसली नाही, कारण आपण दुःखाच्या मुळाला हात घातलाच नव्हता, हेही मोंतेनने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. मृत्यूकडे निवांत, नेहमीच्या चेहऱ्याने पाहणे हे एखाद्या सॉक्रेटिसाला जमते. आपल्यासारख्यांना डोळे दुसरीकडे न्यावे लागतात, असे त्याचे म्हणणे. जेथे मृत्यू होतो त्या घरी आपली वडीलधारी माणसे जातात, पावसाची गोष्ट काढतात, भाताचे कसे काय म्हणून विचारतात, तेव्हा ती मोंतेनचाच उपाय करीत असतात. त्याला उथळपणा म्हणणारा माणूस अशा घरी फारसा गेला नसावा.

त्याच निबंधात एक खोडकर उदाहरण आहे. अथेन्सचा पुढारी आल्किबियादिस याने आपल्या देखण्या कुत्र्याचे कान आणि शेपूट कापून त्याला बाजारात सोडून दिले. लोकांना तोंडाला चघळायला विषय मिळावा आणि त्यांनी आपल्या इतर उद्योगांकडे पाहू नये, हा हेतू. दुःखिताचे मन दुसरीकडे नेणारा आणि प्रजेचे डोळे दुसरीकडे नेणारा, दोघेही एकच क्रिया करतात, आणि मोंतेनने दोघांना एकाच निबंधात शेजारी बसवले आहे. या निबंधांचे जॉन फ्लोरिओने केलेले इंग्रजी भाषांतर १६०३ मध्ये निघाले.

त्यानंतरच्या अर्धशतकात इंग्रजीत या शब्दाला करमणूक आणि खेळ हा अर्थ चिकटला, आणि सतराव्या शतकाच्या मध्यावर तो रूढ झाला. तो काळ इंग्लंडमध्ये करमणुकीवरून भांडणाचाच होता. राजा पहिला जेम्स १६१७ मध्ये स्कॉटलंडहून परतताना लँकेशायरमधून गेला. तेथे जुन्या कॅथलिक श्रद्धेची पुष्कळ घराणी टिकून होती, आणि प्युरिटन मंडळी रविवारचे सर्व खेळ बंद पाडू पाहत होती. जेम्सने आधी त्या परगण्यापुरता आणि १६१८ मध्ये साऱ्या राज्यासाठी जाहीरनामा काढला : उपासनेनंतर लोकांनी नाचावे, बाण मारावेत, उड्या माराव्यात, मे महिन्याचे उत्सव करावेत. त्यामागचे एक कारण राजाने उघड सांगितले होते. खेळच बंद केले तर इंग्लंडच्या चर्चमध्ये प्रामाणिक आनंदालाही जागा नाही, असे कॅथलिक धर्मगुरू लोकांना पटवतील आणि मग कोणी त्या चर्चकडे वळणार नाही. मात्र जे कॅथलिक राजाच्या चर्चमध्ये उपासनेला जात नसत, त्यांना या सवलतीतून वगळले होते. म्हणजे ज्यांच्यासाठी आमिष, त्यांनाच मज्जाव! हाच जाहीरनामा पहिल्या चार्ल्सने १६३३ मध्ये पुन्हा काढला आणि १६४३ मध्ये पार्लमेंटच्या हुकमाने तो जाहीरपणे जाळण्यात आला.

कॅथलिक परंपरेत मात्र करमणुकीला फार जुने अभय आहे. पाचव्या शतकातील जॉन कॅसियन यांनी एक आख्यायिका नोंदवली आहे. वृद्ध संत योहान एका तितराला हातावर घेऊन गोंजारत बसले होते. एका शिकाऱ्याला त्याचे नवल वाटले. एवढा थोर पुरुष आणि असा वेळ दवडतो? योहानांनी त्याच्या धनुष्याकडे बोट दाखवून विचारले, तू हे सदैव ताणून का ठेवत नाहीस? ताणून ठेवले तर त्याचा जोर जाईल, असे तो म्हणाला. मनाचेही तसेच आहे, हे योहानांचे उत्तर. ही गोष्ट तेराव्या शतकात संत थॉमस अ‍ॅक्विनास यांनी आपल्या महाग्रंथात घेतली आणि खेळकरपणा हा सद्‌गुण असू शकतो, असा निर्वाळा दिला. पुढे संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ च्या आपल्या भक्तिमार्गावरील ग्रंथात तीच गोष्ट पुन्हा सांगितली. हे फ्रान्सिस जिनेव्हाचे बिशप, पण त्या शहरात त्यांना प्रवेश नसल्याने आनसीत राहणारे, आणि पुढे लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत ठरलेले. फिरायला जाणे, गप्पा, संगीत, शिकार या सर्वांना त्यांनी परवानगी दिली आहे. फाशांच्या आणि पत्त्यांच्या जुगाराला दिलेली नाही. नाचाविषयी बोलताना त्यांनी अळंब्यांची उपमा वापरली आहे : उत्तमातली उत्तम अळंबीसुद्धा फारशी कामाची नाही, तेव्हा खायचीच तर थोडी आणि नीट शिजवून. माणसाची जाण असलेल्या पाळकाचा हा आवाज आहे.

फ्रान्सिस द सेल्स १६२२ मध्ये वारले. दुसऱ्याच वर्षी क्लेरमों गावी ब्लेझ पास्कल जन्मला, आणि त्याने या साऱ्या मवाळ परंपरेच्या मुळावरच प्रश्न ठेवला. पास्कल गणिती, शास्त्रज्ञ, आणि २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री आलेल्या ईश्वरानुभवाने हादरून गेलेला. त्या रात्रीची टिपणे असलेला कागद त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला होता; तो त्याच्या मृत्यूनंतर सापडला. ख्रिस्ती श्रद्धेच्या समर्थनार्थ त्याला एक ग्रंथ लिहायचा होता. तो पुरा होण्यापूर्वीच १६६२ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो गेला आणि त्याची टिपणे १६७० मध्ये ‘पांसे’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांतील एक मोठे टिपण ‘दिव्हर्तिस्मां’वर आहे. इंग्रजी भाषांतरकारांनी त्यासाठी बहुधा ‘डायव्हर्जन’ हाच शब्द योजला आहे.

पास्कलचे म्हणणे साधे आणि धारदार आहे. माणूस एका खोलीत एकटा शांत बसू शकत नाही, आणि त्याच्या सर्व संकटांचे मूळ तेथे आहे. सशाच्या मागे दिवसभर धावणाऱ्या शिकाऱ्याला तोच ससा बाजारातून विकत आणून द्या, तो घेणार नाही. जुगाऱ्याला रोज सकाळी, न खेळण्याच्या अटीवर, तो दिवसभरात जिंकेल तेवढे पैसे द्या. तो दुःखी होईल. पैशाशिवाय नुसता खेळायला बसवा, तो कंटाळेल. त्याला ससाही नको असतो आणि पैसाही नको असतो. त्याला हवी असते धावपळ, कारण ती थांबली की तो स्वतःसमोर उभा राहतो, आणि आपण मरणाधीन आहोत हे त्याला दिसते. राजाचे उदाहरण तर विलक्षण आहे. राजाभोवती सदैव माणसे असतात ती त्याला एकटे पडू न देण्यासाठी, कारण करमणुकीवाचून उरलेला राजासुद्धा इतरांइतकाच दीन असतो. दुःखात आपल्याला दिलासा देणारी ही एकच गोष्ट, आणि तरीही तीच आपले सर्वांत मोठे दुःख, कारण तिच्यामुळे आपण नकळत मरणापर्यंत जाऊन पोहोचतो. मोंतेनने ज्याला औषध म्हटले होते ते पास्कलला गुंगी वाटले. मोंतेनचे लेखन तो बारकाईने वाचत असे, त्यामुळे हा वाद दोन अनोळखी माणसांचा नाही.

पास्कलचा विचार मला पटतो, परंतु त्याच्या आयुष्यातील एक प्रसंग त्याच्याच विरुद्ध साक्ष देतो. १६५८ मध्ये दातदुखीने एका रात्री त्याची झोप उडाली. वेदनेकडे लक्ष जाऊ नये म्हणून त्याने एका वक्ररेषेच्या, फिरत्या चाकावरच्या बिंदूने आखलेल्या रेषेच्या गणितात मन गुंतवले. त्यातून जे निष्पन्न झाले त्याला गणिताच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. ही हकिकत त्याच्या बहिणीने नोंदवून ठेवली आहे. करमणुकीचा सर्वांत कठोर टीकाकार ठणकणाऱ्या दाताला तरी मोंतेनचेच औषध लावीत होता.

आणखी एक साक्षीदार याहून वजनदार आहे. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला एक बास्क सरदार लोयोलाच्या वाड्यात खिळून पडला होता. वेळ जाण्यासाठी त्याने शूरांच्या प्रेमकथा मागितल्या. घरात तसे एकही पुस्तक नव्हते. होते ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. त्याला मागितली तशी करमणूक मिळाली असती तर येशूसंघाचा इतिहास कदाचित लिहिलाच गेला नसता! त्याहून महत्त्वाचे असे की, इग्नेशियस यांनी तेथे स्वतःच्याच मनाच्या वळणांवर पाळत ठेवली. दरबारी स्वप्नांत रमले तर तेवढ्यापुरता आनंद होई आणि मागे मन कोरडे पडे. संतांचे अनुकरण करण्याच्या विचारात रमले तर नंतरही प्रसन्नता टिके. मन दोन्हीकडे वळतच होते. वळल्यावर मागे काय उरते, हे त्यांनी पाहिले. कॅसियनचे धनुष्य आणि पास्कलची खोली यांच्यामध्ये निवड करण्याची वेळ आली, तर मला हा आजारी सरदार अधिक उपयोगाचा वाटतो.

आता शब्दाचा युद्धातला अर्थ. शत्रूचे बळ मुख्य ठिकाणाहून हटवण्यासाठी अन्यत्र हल्ला करणे ही युक्ती इतिहासात पावलोपावली दिसते, असे मोंतेननेही पेरिक्लिसचे नाव घेऊन म्हटले आहे. तिचे एक उदाहरण थेट आपल्या अंगणातले आहे. चिमाजी अप्पाच्या सैन्याने वसईला घातलेला वेढा १७३९ च्या आरंभी कसास लागला होता, आणि पोर्तुगीजांचा सारा भरवसा गोव्याहून समुद्रमार्गे येणाऱ्या कुमकेवर होता. त्याच जानेवारीत, बाजीरावाचे मेहुणे व्यंकटराव घोरपडे यांची फौज गोव्याच्या साष्टी प्रांतात उतरली. (ही साष्टी गोव्याची, ठाण्यालगतची साष्टी मराठ्यांनी त्याआधीच घेतली होती.) मडगाव त्यांच्या हाती पडले, रायतूरच्या किल्ल्याला वेढा बसला, आणि व्हाइसरॉय कोंदे द सांदोमिल याला स्वतःच्या राजधानीची चिंता लागली. वसईला पुरेशी मदत गेली नाही. मे महिन्यात वसई पडली.

मराठीत याला हूल देणे म्हणतात. शब्द छोटा आणि हलका आहे. परंतु हूल ही देणाऱ्याच्या आणि पाहणाऱ्याच्या लेखी असते. ज्या साष्टीच्या गावांवर ती फौज चालून गेली, ज्यांच्या घरांतून धान्य आणि गुरे गेली, त्यांच्यासाठी ते खरेखुरे युद्ध होते. आपल्याकडे वसईच्या वेढ्यावर कथा, पोवाडे, कादंबऱ्या आहेत. त्या वेढ्यासाठी कोकणाच्या दुसऱ्या टोकाला जी खंडणी भरली गेली तिची आठवण वसईत सहसा कोणी काढत नाही, आणि त्याला कारण ‘हूल’ हा शब्दच असावा. मुख्य गोष्ट दुसरीकडे चालली होती, असे तो सुचवतो.

मराठीने या इंग्रजी शब्दाचे अर्थ निरनिराळ्या घरी वाटून दिले आहेत. रस्त्याला वळसा, शत्रूला हूल, मनाला विरंगुळा. ‘वळण’ हा शब्द तर आपल्याकडे बहुधा चांगल्याच अर्थाने येतो. मुलाला वळण लागते, अक्षराला वळण असते, वळणाचे पाणी वळणावर जाते. करमणुकीच्या बाबतीत मात्र मराठी वाङ्मयाने एक सुरेख उलटापालट केलेली आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढले, त्याचे नावच ‘करमणूक’. लोक विरंगुळ्यासाठी ते हाती घेत. त्याच साप्ताहिकातून क्रमशः ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी आली, आणि घराघरातल्या बालविधवेचे जे हाल डोळ्यांआड ठेवले जात होते, ते विरंगुळा शोधणाऱ्या वाचकापुढे ठाकले. आल्किबियादिसाने लोकांचे डोळे बाजूला नेण्यासाठी कुत्रे सोडले होते. हरिभाऊंनी कुत्र्याच्याच वाटेने लोकांना परत आणले.

पाण्याच्या संदर्भात हा शब्द आपल्या प्रांतात एक मोठी कहाणी घेऊन उभा आहे. मुळा आणि निळा या नद्यांवर मुळशीला टाटांचे धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा १९२१ मध्ये मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. एरवी ते पाणी भीमेतून कृष्णेला मिळून पूर्व समुद्राला गेले असते. ते घाटाखाली भिऱ्याला सोडण्यात आले, त्यावर वीज तयार झाली, आणि ती मुंबईच्या कामी आली. वीज मुंबईला हवी होती, यात शंका नाही. अभियंत्यांच्या भाषेत हे ‘डायव्हर्जन’. पन्नासच्या आसपास गावांच्या भाषेत जमीन बुडणे.

सरकारी कागदांत हा शब्द आज अधिकच शांतपणे वावरतो. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानुसार रस्ता, खाण, धरण यांसाठी जंगलाची जमीन द्यायची असेल, तर त्या व्यवहाराला ‘डायव्हर्जन’ म्हणतात, आणि मराठी कागदात ‘वळतीकरण’. झाडे तोडली जातात. फायलीत जमीन केवळ वळते. रस्त्याच्या पाटीवर निदान बाण तरी असतो, आणि पुढे कोठेतरी मूळ रस्त्याला परत लागण्याची आशा असते.

पालघर जिल्ह्यातील सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचा मूळ उद्देश सिंचन हा होता. डहाणू, पालघर, विक्रमगड या भागांतील शेतकऱ्यांना, ज्यांत बहुसंख्य आदिवासी आहेत, त्याचा लाभ व्हायचा होता. पुढे त्या पाण्याचा मोठा हिस्सा वाढत्या शहरांच्या पिण्यासाठी राखून ठेवण्यात आला. पिण्याचे पाणी ही चैन नव्हे, आणि आपल्याकडच्या विहिरींची काय दशा झाली आहे हे वसईकराला सांगायला नको. पण कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्यांनी या वाटपाविरुद्ध वेळोवेळी आंदोलने केली आहेत, आणि त्यांचे म्हणणे एवढेच आहे की हे पाणी आमच्या नावाने अडवले गेले होते. सूर्येचे ते पाणी वसई-विरारच्या नळांना येते. आपल्या धर्मग्रामांतील किती तरी घरांत सकाळचा चहा त्याच पाण्याचा होतो.